पंख्यावरून भांडू नका, आधी तिची झोप बघा

तुम्ही लिहिलंय की वहिनींचं, म्हणजे तुमच्या पत्नीचं, वय ४७, आठ महिने पाळी पुढेमागे होतेय, रात्री दोनला उठून पंखा वाढवतात, सकाळी बारीकसारीक गोष्टींवर चिडतात, जवळ गेलं की हात बाजूला करतात. आणि तुम्ही काही बोललात की आणखी बिनसतं.

ही लक्षणं पाळी जाण्याच्या, म्हणजे रजोनिवृत्तीच्या, काळातली वाटतात. सुरुवात झोपेपासून करा. या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वरखाली व्हायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. खोली जराशी गरम झाली तरी शरीर उष्णता बाहेर टाकू लागतं. छातीतून चेहऱ्यापर्यंत वाफ, घाम, धडधड. एक ते पाच मिनिटं हा प्रकार चालतो आणि घाम वाळताना हुडहुडी भरते. रात्रीतून तीन-चारदा असं झालेल्या बाईच्या सकाळच्या चिडचिडीचं कारण स्वभावात शोधायचं नसतं. तिच्या बाजूला वेगळा टेबलफॅन ठेवा, पांघरुणं दोघांची वेगळी करा, उशाशी पाणी आणि कोरडा पंचा असू द्या. थंडी तुम्हाला वाजत असेल तर गोधडी तुम्ही घ्या. सकाळचा चहा किंवा डबा, एक काम न विचारता कायमचं स्वतःकडे घ्या. "काय मदत करू?" असं रोज विचारलं की कामं आठवून सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं.

"सगळ्याच बायकांना होतं, आमच्या आईने कधी कुरकुर केली नाही," हे वाक्य घराघरात ऐकू येतं. आईला त्या काळात विचारलं कुणी होतं? भांडणात "पाळी जातेय म्हणून तू असं बोलतेस" हे तर कधीच म्हणू नका. तिची तक्रार खरी असू शकते.

हात बाजूला करण्यामागे बऱ्याचदा दुखणं असतं. योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंधाच्या वेळी आग होते. मग पुढे तेच होणार या धास्तीने साधा स्पर्शही नको वाटतो. म्हणून काही दिवस नुसतं जवळ बसा, पाय चेपून द्या, त्यापुढे काही मागू नका. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट (कोरडेपणा कमी करणारं जेल) मेडिकलमध्ये मिळतं. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्याने रबर कमकुवत होतं. तरीही दुखलं तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टर देतात. आणि पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. त्यातल्या बिघाडानेही थकवा, धडधड, चिडचिड होते. तासाला पॅड बदलावं लागत असेल, किंवा पाळी १२ महिने बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर वाट बघू नका, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. हार्मोनच्या गोळ्यांना घाबरून परस्पर नकार देऊ नका. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर तो मात्र सांगायलाच हवा.

दवाखान्यात सोबत जा, पण डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं वहिनींनाच देऊ द्या. बाहेर थांबा म्हणाल्या तर बाहेर थांबा.