टेक्सासमध्ये एलव्हीएनने नवीन पेशंटच्या पूर्ण असेसमेंटवर सही करावी का?

तुम्ही एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स) आहात आणि विचारलंय, टेक्सासच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला आरएन (रजिस्टर्ड नर्स, आपल्यापेक्षा वरच्या लायसन्सची) नसते, नवीन आलेल्या पेशंटचं सगळं असेसमेंट (तपासणी आणि मूल्यमापन) तुम्हालाच भरून सही करायला सांगतात, तर नाही म्हणता येतं का? येतं, आणि म्हणाच. मी ह्यूस्टनमध्ये नऊ वर्षं याच लायसन्सवर काम करतेय.

रात्री आरएन जागेवर नसणं आपोआप बेकायदा ठरत नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे रोज सलग 8 तास आरएन हवी. एरवी लायसन्स असलेली नर्स चालते, म्हणजे तुम्ही-मी. गोंधळ इथूनच सुरू होतो. जागेवर एकटी आहे म्हणून सगळं तिनंच करायचं, असं धरून चालतात. पण टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाच्या 217.11 या नियमात फरक स्पष्ट आहे. आपण करतो ते फोकस्ड असेसमेंट: समोर दिसतंय ते तपासायचं, नोंदवायचं, कळवायचं. पेशंटचा सगळा विचार करून कॉम्प्रिहेन्सिव्ह असेसमेंट करणं आरएनचं काम. केअर प्लॅनमध्ये आपला सहभाग असतो, पण तो एकटीनं ठरवायचा नाही. आपलं काम कायम आरएन, डॉक्टर वगैरेंच्या देखरेखीखालचं. ती व्यक्ती निदान फोनवर तरी सापडलीच पाहिजे.

माझ्यावर ही वेळ पहिल्याच वर्षी आली. रात्री साडेनऊला हॉस्पिटलमधून एक आजोबा आले. ऑक्सिजन 88 टक्के, म्हणजे कमी, दोन्ही घोटे सुजलेले, उशी उंच केल्याशिवाय झोपवेना. सुपरवायझर फोनवर म्हणाल्या, "पूर्ण फॉर्म भरून टाक, सही कर, सकाळी बघू." मी आकडे लिहिले, सूज कुठपर्यंत आहे ते लिहिलं, श्वासाचा आवाज लिहिला. आरएनच्या सहीची जागा कोरी ठेवली आणि ऑन-कॉल डॉक्टरांना उठवलं. त्यांनी आजोबांना परत हॉस्पिटलला पाठवलं. फॉर्म भरत बसले असते तर तासभर गेला असता.

"वरून सांगितलं होतं" हे कारण बोर्डापुढे चालत नाही. 1983 चा लन्सफोर्ड खटला जरूर वाचा. छातीत दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या सांगण्यावरून नर्सनं 24 मैलांवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलं, तो वाटेतच गेला. ती आरएन होती, आणि तिचं लायसन्स एक वर्ष निलंबित झालं. पेशंटशी असलेलं नर्सचं कर्तव्य डॉक्टरांच्या ऑर्डरपेक्षा किंवा संस्थेच्या पद्धतीपेक्षा वरचं, हे कोर्टानं तेव्हाच सांगितलंय आणि बोर्ड ते एलव्हीएनलाही लावतं.

नाही म्हणायचं तर 'सेफ हार्बर' हा शब्द वापरा, म्हणजे हे काम माझ्या कर्तव्याविरुद्ध जातंय असं सांगून लायसन्सला संरक्षण मागायचं. टेक्सासच्या कायद्यात त्याची सोय आहे. काम हाती घेण्याआधी किंवा मध्येच परिस्थिती बदलली तर त्याच वेळी सांगायचं, लेखी द्यायचं. शिफ्ट संपल्यावर आठवून उपयोग नाही. प्रामाणिकपणे मागितलेल्या सेफ हार्बरबद्दल मालकाला सूड उगवता येत नाही, आणि प्रकरण पीअर रिव्ह्यू कमिटीकडे (नर्सेसच्या कामाचं परीक्षण करणारी समिती) जातं. बोर्डाच्या साइटवर फॉर्म आहे, प्रिंट काढून बॅगेत ठेवा.

आयव्हीचं (शिरेतून सलाइन-औषध देण्याचं) वेगळं विचारलंत. इथे वेगळं प्रशिक्षण घेऊन, आपलं कौशल्य तपासून घेतल्यावर बरंच करता येतं, पण पीआयसीसी लाइन (दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घालणं आपल्या कक्षेबाहेर. कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीचं ऐकून इथे काही करू नका. तिथलं बोर्ड वेगळं, आयव्हीचे नियमही वेगळे.

आजच्या शिफ्टला जाण्याआधी ऑन-कॉल आरएनचा नंबर मागून घ्या, लेखी.