'लेबेन्सराउम'ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारलंय: नाझी जर्मनी शिकवताना 'लेबेन्सराउम'साठी, म्हणजे जर्मनांना वाढायला पूर्वेकडची जमीन हवी या हिटलरच्या धोरणासाठी, 'जीवनावकाश' चालेल का?

ताई, मला तो शब्द नको वाटतो. फोड बरोबर आहे. लेबेन म्हणजे जगणं, राउम म्हणजे जागा. पण 'अवकाश' म्हटलं की मुलांना यान आठवेल. आणि मूळ अर्थ घेतला तर अडचण आणखी मोठी, कारण अवकाश म्हणजे मोकळी जागा. पोलंड, युक्रेन मोकळे नव्हते. तिथल्या काळ्या जमिनीत कुणीतरी गहू पेरत होतं.

आपल्या खानदेशात शेजाऱ्याचा बांध कोरणाराही हेच सांगतो, 'पोरं वाढली, वावर पुरत नाही.' म्हणून 'बांध कोरणे' जवळचं वाटतं. पण तो दर नांगरटीला वीतभर सरकतो, आणि शेजाऱ्याने सरकारी मोजणी आणली की बहुधा थांबतो. हिटलरचं तसं नव्हतं. चार वर्षांत सैन्य आणि अर्थव्यवस्था युद्धाला सज्ज हवी, हे त्याने १९३६ मध्येच लिहून ठेवलं. ५ नोव्हेंबर १९३७ च्या गुप्त बैठकीत तो म्हणाला, जमीन बळानेच मिळेल, आणि १९४३-४५ नंतर उशीर होईल, कारण तोवर इतरही शस्त्रसज्ज होतील. म्हणजे योजनेनेच घाई लावली. बैठकीत युद्धमंत्री ब्लोमबर्ग, सेनाप्रमुख फ्रिच आणि परराष्ट्रमंत्री नॉयराट यांनी शंका काढल्या. फेब्रुवारी १९३८ च्या सुरुवातीपर्यंत तिघांचीही पदं गेली. 'हुकूमशाही'तला 'हुकूम' मुलांना इथे दाखवा: चूक सांगणारा माणूसच उरला नाही. मार्चमध्ये ऑस्ट्रिया, ब्रिटन-फ्रान्सने मान्य केलेल्या म्युनिक करारानंतर चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग सुडेटेनलँड, पुढच्या मार्चमध्ये त्या देशाची राजधानी प्राग. 'भटाला दिली ओसरी' ही म्हण म्युनिकला लागू पडते, पण अर्धीच. म्हणीतला पाहुणा ओसरी मिळाल्यावर पाय पसरतो. इथे अख्ख्या घराचा बेत आधीच ठरलेला होता. १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला.

'मुलूखगिरी'ही नको. तीत फौज येते, खंडणी घेते, परत जाते. रयत जागेवर राहते. इथे तर रयतच हटवायची होती.

फळ्यावर 'लेबेन्सराउम' तसाच लिहा आणि शेजारी लिहा: 'राहत्या माणसांना उठवून बळकावायची जमीन'. लांब होतं खरं, पण 'जीवनावकाशा'त न दिसणारी माणसं त्यात दिसतात.