प्राण्यांची आवड असलेल्या सात वर्षांच्या मुलीसाठी प्राणिसंग्रहालयाचे उन्हाळी शिबिर कसे निवडावे?

आपण विचारले आहे की मुलगी सात वर्षांची आहे, प्राण्यांशिवाय तिला दुसरे काही सुचत नाही, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला येऊन आपल्याला जेमतेम आठ महिने झाले आहेत, आणि येत्या सुट्टीत तिला ओकलंड प्राणिसंग्रहालयाच्या दिवसभराच्या शिबिरात घालावे की ‘रोज प्राणी हाताळायला मिळतील’ अशी जाहिरात करणाऱ्या घराजवळच्या छोट्या केंद्रात. माझा मुलगा याच वयाचा असताना आम्ही आधी दुसऱ्या प्रकारचे शिबिर निवडले होते आणि नंतरचे दोन उन्हाळे पहिल्या प्रकारचे. त्यामुळे माझे मत ठाम आहे: मुलांच्या हातात किती प्राणी दिले जातात यावर शिबिर निवडू नये, प्राण्याकडे कसे पाहायचे हे तिथे कितपत शिकवतात यावर निवडावे.

प्राणी हाताळू देणाऱ्या त्या शिबिरात एकच ससा दहा-बारा मुलांच्या मांडीवरून फिरत असे. तिसऱ्या दिवशी मुलगा घरी येऊन म्हणाला, “आई, ससा थरथरत होता, पण टीचर म्हणाल्या त्याला थंडी वाजते आहे.” जुलैची दुपार होती आणि बाहेर कडक ऊन होते. ससा घाबरला होता हे सात वर्षांच्या मुलाला दिसत होते, आणि तसे नाही हे त्याला मोठी माणसे पटवून देत होती. ज्या मुलाला प्राण्यांविषयी खरोखर माया आहे त्याचे यात फार नुकसान होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

म्हणून फोन करून पहिला प्रश्न हाच विचारावा की एखाद्या दिवशी प्राणी बाहेर यायला तयार नसेल तर आपण काय करता. चांगल्या ठिकाणी याचे उत्तर चटकन मिळते: त्या प्राण्याला विश्रांती देतात, कोणता प्राणी किती वेळा मुलांसमोर आणला याची नोंद ठेवतात, आणि हात लावू दिलाच तर तो दोन बोटांनी, पाठीवर, तोंडापासून दूर, आणि लगेच साबणाने हात धुवून. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे हात धुण्याबाबत ढिलाई दिसली तर मी तिथेच थांबेन. धाकटे भावंड पाच वर्षांखालील असेल तर त्याने कासव किंवा साप हाताळूच नये, असा इथल्या आरोग्य खात्याचाही सल्ला आहे.

दुसरी गोष्ट मान्यतेची. अमेरिकेच्या कृषी खात्याचा प्राणी दाखवण्याचा परवाना आहे एवढ्यावर आपल्यासारखे नवीन आलेले पालक निश्चिंत होतात, परंतु तो परवाना म्हणजे किमान अट आहे, आणि ज्या प्राणिकल्याण कायद्याखाली तो मिळतो त्या १९६६ च्या कायद्यात साप, सरडे, कासवे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांचा समावेशच नाही. त्याहून बरीच कडक कसोटी एझेडए या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची असते आणि तिची मान्यता दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावी लागते. ओकलंडला ती आहे, सॅन होजेच्या हॅपी हॉलोला आहे आणि सॅन मटेओच्या क्युरिओडिसीलाही आहे. वाघाच्या किंवा सिंहाच्या बछड्याला कुरवाळू देणारे ठिकाण तर २०२२ च्या कायद्याने सरळ बेकायदेशीर ठरते.

आता चांगल्या शिबिरात मुले दिवसभर करतात काय, हे सांगते, कारण ‘हात लावायला मिळणार नाही’ म्हटले की मुली हिरमुसतात. माझ्या मुलाच्या गटाने एका सकाळी माकडांसाठी खोकी तयार केली. सीरिअलचे रिकामे खोके घ्यायचे, त्यावरची चिकटपट्टी आणि स्टेपलची प्रत्येक पिन काढायची, आत वाळलेले गवत आणि त्यात दडवलेले चार मनुके. पिन राहिली तर माकडाच्या तोंडात जाईल, हे कळल्यावर ही मुले एकमेकांची खोकी दोन-दोनदा तपासत होती. मग प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कीपरने ती खोकी आत ठेवली, आणि काचेबाहेर बसून मुलांनी अर्धा तास कोणते माकड आधी आले, कोणी दातांनी फाडले, कोण लांबच बसून राहिले, हे वहीत लिहून काढले. ती वही आजही आमच्याकडे आहे. “ते लांब का बसले?” हा प्रश्न त्याने त्यानंतर आठवडाभर विचारला, आणि हे असे विचारणे मला शंभर सशांना हात लावण्यापेक्षा मोलाचे वाटते.

आपल्या मुलीला पिंजरा पाहून वाईट वाटले तर तिला ओकलंडच्या काँडोरबद्दल जरूर सांगावे. कॅलिफोर्नियाचे हे भले मोठे गिधाड १९८२ मध्ये अवघे बावीस उरले होते. १९८७ पर्यंत रानातले सगळे पक्षी पकडून प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास केली, आणि आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे. बंदुकीच्या गोळ्यांतले शिसे पोटात जाऊन आजारी पडलेल्या काँडोरवर ओकलंडमध्ये उपचार होतात. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे मेली, त्याचीच ही वेगळी तऱ्हा, आणि मुलांना ती समजते. जखमी रानपाखरांची तिला विशेष ओढ असेल तर वॉलनट क्रीकचे लिंडसे केंद्रही पाहून यावे, कारण तिथे वन्य प्राण्यांचे रुग्णालयच आहे.

सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे निदान एक मोठी व्यक्ती असावी, हा अमेरिकन कॅम्प असोसिएशनचा दंडक आहे. तो पाळला जातो का आणि त्या ‘मोठ्या’ व्यक्तीचे वय काय, दोन्ही विचारावे. सॅन फ्रान्सिस्कोचे प्राणिसंग्रहालय समुद्राला लागून असल्यामुळे तिथे जुलैतही धुके आणि बोचरा वारा असतो, तेव्हा तिथे घातले तर जाकीट हवेच. काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते, म्हणून डब्यात त्याचे काही देता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. आमचा लाडू पहिल्याच दिवशी परत आला होता.

आपण दोघेही नोकरी करत असाल तर तेरा वर्षांखालील मुलाच्या दिवसभराच्या शिबिराचा खर्च बालसंगोपनाच्या करसवलतीत धरता येतो (मुक्कामी शिबिराचा येत नाही), म्हणून पावती जपून ठेवावी. नोंदणीसाठी मात्र शाळा सुटायची वाट पाहू नये. चांगल्या शिबिरांची नावनोंदणी हिवाळ्यातच उघडते, बऱ्याच ठिकाणी सभासदांना आधी संधी मिळते आणि सात-आठ वर्षांच्या मुलांचे गट सर्वांत आधी भरतात.