एका पानावर बसून

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पुण्याच्या कार्यालयातल्या चार मैत्रिणींना तू मोठ्या हौसेने कोल्हापूरला आणलेस, लहानपणी आजोबा ज्या दुकानात न्यायचे तिथेच त्यांना मिसळ खायला घेऊन गेलीस, त्यांनी दोन-दोनदा कट मागून घेतला, आणि तू मात्र पहिल्या घासापासून ‘पूर्वी अशी नव्हती, पूर्वी वेगळीच लागायची’ असे म्हणत राहिलीस. शेवटी त्यांच्यातली एक म्हणाली की, आम्हाला आवडली होती, पण आता आवडली की नाही तेच कळेनासे झाले आहे. ते बोलणे तुला लागले, म्हणून तू मला लिहिलेस. चव बदलली की मी बदलले, असे तू विचारतेस. आणि त्याच पत्राच्या शेवटी, पुढच्या महिन्यात कामानिमित्त नागपूर आणि इंदूरला जायचे आहे, तिथे कुठे काय खावे याची यादीही मागतेस.

परगावी गेल्यावर तिथले खावे, जुन्या ठिकाणांवर जीव असावा, हे तुला सांगण्याची गरज नाही. गंगावेशीत समोर पिळलेल्या दुधाचा पेला हातात धरून तू लहानाची मोठी झाली आहेस. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. माझी आई आम्हा भावंडांना लग्नाच्या पंगतीला पाठवताना उंबऱ्यावर थांबवून एकच गोष्ट बजावत असे : एका पानावर बसून दुसऱ्या पानाचे नाव काढू नये. भात कच्चा असो, आमटी पातळ असो, मागच्या महिन्यात चुलत्यांच्या घरी याहून चांगले जेवलो असू. पानावर बसलो आहोत तोवर ते दुसरे पान तोंडावाटे बाहेर येता कामा नये. आम्हाला तेव्हा वाटे की ही केवळ यजमानाचा मान राखण्याची रीत आहे. तो मान तर आहेच, पण त्यात जेवणाऱ्याचाही लाभ आहे, हे कळायला माझी साठी उलटावी लागली.

मी ३१ वर्षे उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचा माल विकत फिरलो. महिन्यातले २० दिवस बाहेर. माझ्या पिशवीत ऑर्डरच्या वहीशेजारी स्टीलची एक डबी असे आणि तिच्यात घरची चटणी. चटणी म्हणजे काय, ते तुझ्या मैत्रिणींना समजावून सांगावे लागेल, तुला नाही : उन्हाळ्यात वर्षाचा साठा डंकावर कुटून आणायचा, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि तिखटाला लवंगी, त्यात भाजलेले खोबरे, तीळ, कांदा, लसूण आणि गरम मसाले. ती डबी मी सोलापूरच्या खानावळीत उघडली, हुबळीत उघडली, इंदूरमध्ये सकाळच्या पोह्यांवरसुद्धा उघडली. वाफेवरचे मऊ पोहे, वर शेव, जिरावण हा तिथला मसाला आणि शेजारी गरम जिलेबी, असे त्या गावाने शेकडो सकाळी जमवून आणलेले ताट समोर होते, आणि मी त्यावर कोल्हापूर पसरले. त्या पोह्यांची खरी चव मला नोकरीच्या अखेरच्या वर्षी कळली, तीसुद्धा डबी लॉजवर विसरलो म्हणून. इतकी वर्षे मी इंदूरला जात होतो आणि इंदूरचे काहीच खाल्ले नव्हते.

त्याहून वाईट नागपुरात घडले. एका गिऱ्हाइकाने मला घरी जेवायला बोलावले. ते कोष्टी, घरात पूर्वी माग चाललेले. त्यांच्या आईंनी स्वतः सावजी मटण केले होते, मसाला भाजून भाजून काळसर झालेला, वर तेलाचा तवंग. मी दोन घास घेतले आणि म्हणालो, ‘झकास आहे, पण आमच्या तांबड्याची सर नाही.’ मला वाटले होते की मी गप्पा मारतो आहे. त्या माउलीने काही उत्तर दिले नाही. वाटीत आणखी रस्सा घालायला पुढे आणलेली पळी तिने तशीच पातेल्यात मागे नेली. पुढे ११ वर्षे त्या माणसाशी माझा व्यवहार उत्तम चालला, पण घरी ये असे तो पुन्हा कधीही म्हणाला नाही. सावजी आणि तांबडा या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालण्याचे कारणच काय होते? एक विणकरांच्या घरातून आलेली, दुसरी आपल्याकडची. मसाला वेगळा, भाजण्याची रीत वेगळी. मी तुलना केली आणि दोन्ही चवींना मुकलो, कारण तो घास तोंडात असताना माझे मन कोल्हापुरात होते आणि कोल्हापूरचा रस्सा तर तिथे नव्हताच.

तू म्हणशील, काका, मी कोणाच्या घरी गेले नव्हते, पैसे मोजून दुकानात खाल्ले. याच गावात बसून असे म्हणू नकोस. पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झालेल्या गंगाराम कांबळ्यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले, आणि तिथे कोणी फिरकेना तेव्हा स्वतःची गाडी दारात थांबवून महाराज तो चहा प्याले. चहाला पैसे पडतात म्हणून त्या पिण्याचा अर्थ कमी झाला नाही. ज्या माणसाने पहाटे उठून मटकी शिजवली, कट उकळला, त्याच्या बाकावर बसून ‘पूर्वी अशी नव्हती’ हे शब्द तू चार परक्या माणसांसमोर उच्चारलेस. तो माणूस गल्ल्यावरून ऐकत असेल, याचा विचार तू केलास का? मला याचा राग आला, आणि तो तुझ्यावर माया आहे म्हणूनच आला.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. चव बदलली का? बदलली असेल. कटाचा जीव चटणीत असतो आणि चटणीचा मिरचीत. मिरचीचे पीक प्रत्येक वर्षी सारखे येत नाही, पाऊस कमी-जास्त झाला की तिखटपणा आणि रंग दोन्ही हलतात. लाकडाची चूल जाऊन गॅस आला, वडिलांच्या हातून पळी मुलाच्या हातात गेली. आणि तूही बदललीस, हे वेगळे सांगायला नको. पण तिसरी एक गोष्ट तू विसरते आहेस आणि मला ती पक्की आठवते, कारण त्या बाकावर कित्येकदा मी शेजारीच बसलेला असे. तुझे आजोबा तुला पूर्ण मिसळ कधी देतच नसत. तू सात-आठ वर्षांची होतीस, तिखट सोसणार नाही म्हणून ते आपल्या ताटलीतल्या कटात ब्रेडची स्लाइस बुडवून, निथळून तुला भरवत आणि मधूनमधून फरसाण तुझ्या तळहातावर ठेवत. तू जिला ‘पूर्वीची मिसळ’ म्हणतेस ती त्या दुकानात कधी विकायलाच नव्हती. ती तुझ्या आजोबांच्या ताटलीत होती. ते गेले त्याला सहा वर्षे झाली. आता ती कोणत्या दुकानात मागणार आहेस?

म्हणून सांगतो, आठवणीतले पान हेसुद्धा दुसरे पानच आहे. त्याचेही नाव समोरच्या पानावर बसून काढू नये. माणसे हा नियम परक्या गावापुरता पाळतात आणि आपल्या गावात येताच सोडून देतात. आठवणीला स्वतंत्र जागा द्यावी, घरी बसून तासभर आजोबांविषयी बोलावे, रडायचे तर रडावे. पण दुकानातल्या मिसळीला आजोबांची बरोबरी करायला लावू नये, कारण त्यात मिसळ हरते आणि आजोबाही परत येत नाहीत.

तुझ्या काकूच्या बाबतीत मी हीच चूक सर्वांत जास्त काळ केली, आणि हे मी आजवर कोणाला लिहिलेले नाही. ती मालवणकडची. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने तिरफळ घालून बांगड्याचे तिखले केले. मी म्हणालो, ‘चांगले आहे, पण आपल्याकडे रस्सा म्हटला की कसा…’ आणि पुढे तांबडा-पांढरा, अळणी, खसखस, सगळे पुराण लावले. पुढच्या वेळीही तेच. ती वाद घालणारी नव्हे. तिने हळूहळू तिरफळ कमी केले, मग बंद केले, मग बांगडाच बंद झाला, आणि माझ्या आईकडून शिकून ती पांढरा रस्सा इतका उत्तम करू लागली की आमच्या गल्लीत तिची कीर्ती झाली. मी ती कीर्ती अभिमानाने सांगत फिरलो. त्या रश्श्याच्या बदल्यात घरातून काय गेले, हे मला वीस वर्षे दिसले नाही.

तरी माझी बाजू मला मांडू दे. महिन्यातले २० दिवस लॉजच्या खाटेवर निजणाऱ्या माणसाला घराची चव हाच आधार असतो. रात्री साडेअकराला परक्या स्टँडवर उतरल्यावर जे काही मिळे ते खाली उतरावे म्हणून मी ती डबी उघडत होतो, कोणाचा अपमान करावा म्हणून नव्हे. पंजाबी हॉटेलांतून ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची जी लालभडक भाजी मिळते, जी आपल्या कोणत्याही घरात शिजत नाही, तिच्यावरून मी वेटरांशी भांडलो तेव्हा मला खरोखर वाटत होते की मी गावाची बाजू घेतो आहे. आज मला ती भाजी तिच्या नावावर खुशाल सोडून द्यावीशी वाटते. जेवणारा जेवतो, शिजवणारा पोट भरतो. पण डबी मी टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. ती बाळगण्यात मी आजही काही गैर मानत नाही. भरल्या पानावर, पहिला घास घेण्याआधीच ती उघडत होतो, ते चुकले.

यादी देणार नाही, असे मी ठरवले होते. दुकानांची नावे लिहून दिली की तू ती घेऊन निघशील, प्रत्येक ठिकाणी काकांनी सांगितले तसे आहे का हे तपासशील, म्हणजे पुन्हा समोरच्या पानाशेजारी दुसरे पान मांडलेच. तेव्हा नावे नाहीत, वेळा तेवढ्या सांगतो, कारण वेळ चुकली तर पदार्थ चुकतो. नागपुरात सकाळी तर्री पोहे खा, काळ्या चण्यांची तर्री गरम असताना, उभ्याने, कामाला निघालेल्या माणसांच्या गर्दीत. सावजी खायचे त्या दिवशी दुपारी हलके जेव आणि पाटवडीचा रस्साही घे. तिखट लागले तर पाणी पी, पण ‘कोल्हापूरच्या मानाने’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. इंदूरला सराफ्यात लवकर जाऊन उपयोग नाही. दिवसा तिथे दागिन्यांचा व्यापार चालतो, दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस घे. मका किसून दुधात शिजवलेला असतो आणि आपल्याकडच्या कशासारखाही लागत नाही, म्हणून तुला तो सोपा जाईल. थंडी पडली असेल तर गराडू नावाचा कंद तळत असतील, तेही घे. गाडीवाल्याला विचारायचेच असेल तर ‘तुम्ही स्वतः काय खाता’ हे विचार. मला हा प्रश्न फार उशिरा सुचला आणि त्याने मला पाचशे मैलांच्या प्रवासापेक्षा जास्त दिले.

आणि मिसळीच्या त्या दुकानात पुन्हा जा. या वेळी एकटी जा, कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या आत, म्हणजे कट नुकताच उतरवलेला असतो. पूर्ण मिसळ माग. आधी नुसता कट चमच्याने घे, मग मटकी, मग स्लाइस बुडव. आजोबांची आठवण येईल, ती येऊ दे, फक्त तिला मत द्यायला लावू नकोस. निघताना मालकाला सांग की तू कोणाची नात आहेस. त्याचे वडील तुझ्या आजोबांना ओळखत होते. मुलगाही कदाचित ओळखेल. मैत्रिणींनाही चार ओळी लिही की मिसळ चांगली होती आणि तुम्हाला आवडली ते बरोबरच होते. हे लिहायला तुला जड जाईल, तरी लिही. मला नागपूरच्या त्या माउलीला असे लिहिता आले नाही.

दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस आमच्याकडे जेवायला ये. मागच्या महिन्यात सासुरवाडीच्या एका कार्याला मालवणला गेलो होतो, तिथल्या बाजारातून मी सुकी तिरफळे आणली. तुझ्या काकूने पुडी उघडून वास घेतला, काही न बोलता पुन्हा बांधली आणि फळीवर ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे. मी विचारलेले नाही. तुझा येण्याचा दिवस आठवडाभर आधी कळव, म्हणजे त्या सकाळी बाजारात लवकर जाऊन ताजा बांगडा मिळतो का ते पाहीन. पुढे काय करायचे ते ती ठरवील.

तुझा,
काका