सीमेवर जवान लढत असताना मतदानाची सुट्टी घेऊन फिरायला जाणाऱ्यांना शिक्षा हवी का?

हवीच असेल तर पहिली मला द्या. १९९९ च्या सप्टेंबरात, कारगिल थांबून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, सख्खा थोरला भाऊ द्रासला तोफेवर होता आणि मी मतदान सोडून ठोसेघरला कणीस खात होतो.

आम्ही साताऱ्याकडचे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. दादा तोफखान्यात. आता गंमत बघा. आबांनी जन्मभर एकाच पक्षाला मत दिलं, फक्त १९८९ ला फिरवलं, कारण बोफोर्स. तोफेत पैसे खाल्ले म्हणून गावच्या पारावर भांडले, सख्ख्या चुलत्याशी अबोला धरला. आणि दहा वर्षांनी पोरगा कुठल्या तोफेवर? त्याच. जूनमध्ये टीव्हीवर त्या तोफा डोंगरावर आग ओकताना दाखवायचे आणि आबा खुर्ची पुढे ओढून बसायचे. द्रासवरचं तोलोलिंग शिखर घेतलं त्या रात्री एवढंच म्हणाले, "पैसे खाल्ले असतील, पण माल बरा घेतलाय रं." चुलत्याशी बोलायला लागले ते त्यानंतर.

वाजपेयींचं सरकार १७ एप्रिललाच पडलेलं, एका मताने, २६९ विरुद्ध २७०. म्हणजे अख्खं युद्ध काळजीवाहू सरकारने लढलं, आणि निवडणूक लागली ती पाऊस सरता सरता. लोकसभा आणि विधानसभा एकत्र. प्रचारात जो तो कारगिल घेऊन उभा. दादाचं पत्र यायचं, पत्ता '५६ ए.पी.ओ.', म्हणजे फौजेचं टपाल, मजकूर चार ओळी: मी बरा आहे, थंडी आहे, म्हैस व्याली का, पैसे पोचले का. निवडणुकीचा शब्द नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी दाजी कमांडर जीप घेऊन दारात. ताई, पोरं, डबे, सगळं भरलेलं. "चला ठोसेघरला, धबधबा भरात असेल." मी म्हटलं, आधी मत देऊन येतो. शाळेपुढे रांग होती, बायकांची वेगळी, गड्यांची वेगळी, दोन्ही लांबलचक. दाजी म्हणाले, "आल्यावर दे की. आणि तुझ्या एका मतानं काय होणार आहे?" हे वाक्य १९९९ साली, ज्या वर्षी देशाचं सरकार एका मताने पडलं होतं त्या वर्षी, माणसाने बोलावं! पण खोटं कशाला सांगू, मी जीपमध्ये चढलो. पुढची सीट मिळाली होती.

ठोसेघरला धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. धबधबा नुसता ऐकला. कठड्याला धरून सगळे ओळीने उभे, समोर पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून घोंघों आवाज. पोरं विचारायची, "कुठाय?" ताई म्हणायची, "तो काय, ऐकू येतोय ना." भजी खाल्ली, कणसं खाल्ली, ओले झालो, परत निघालो. बोरणे घाटात चाक पंक्चर. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही. चाक दुसऱ्याच्या जीपमध्ये टाकून दाजी साताऱ्याला गेले ते दोन तासांनी उगवले. आम्ही शाळेपाशी पोचलो तेव्हा सगळं सील करायचं चाललं होतं. वेळ संपायच्या आत रांगेत उभा असतो तर चिठ्ठी देऊन मत घेतलं असतं. रांगच उरली नव्हती.

आबा ओट्यावर बसले होते. माझ्या बोटाकडे बघितलं आणि आत गेले. चार दिवस बोलले नाहीत. मतावरून अबोला धरायची आमच्या घरची पद्धतच होती.

दादा जानेवारीत सुट्टीवर आला. त्याची पोस्टाची मतपत्रिका त्याला मिळाली होती, पण निकाल रेडिओवर ऐकून झाल्यावर. मधे तुकडी हलली होती, टपाल मागे मागे फिरत राहिलं. म्हणजे घरातला एक मत द्यायला तयार होता त्याला कागद नाही, आणि ज्याच्या दारापासून शाळा दोनशे पावलांवर तो धुकं बघायला गेला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. आता सुनावणार म्हणून वाट बघतोय, तर हा विचारतो, "धबधबा दिसला का?" नाही म्हटलं. "धबधबा दिसला नाही, मत दिलं नाही, मग दिवसभर केलंस काय?" आणि पोट धरून हसला. मग म्हणाला, तिकडे झाड नाही डोळ्यांना, मी असतो तर मीपण ठोसेघरलाच गेलो असतो. पण सकाळी सातला मत देऊन.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं 'सीमेवर जवान' हे मला खुपलं. जवानाचं नाव घेऊन दुसऱ्याला लाजवायचं, हा उद्योग बंद करा. आमचे दाजी यात पुढे. २०१९ ला, पुलवामा-बालाकोटनंतर, रोज सकाळी बंदुकधारी जवानाचा फोटो आणि खाली 'तो जागतोय, तुम्ही मत तरी द्या'. २०२४ ला मुंबईचं मतदान सोमवारी, २० मे ला आलं, लोक शनिवार-रविवार जोडून महाबळेश्वरला गेले, तर दाजींनी घरच्या ग्रुपवर त्यांना देशद्रोही ठरवलं. कमांडर कोणाची होती, दाजी?

आणि युद्ध बघून लोक आंधळेपणाने मत देतात, हेही माझ्या अनुभवाला पटत नाही. १९९८ ला भाजपच्या १८२ जागा होत्या, कारगिल जिंकून १९९९ लाही १८२ च. मित्रपक्ष वाढले ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्याच मतदानात लोकसभेला युतीला २८ जागा दिल्या आणि विधानसभेला युतीची सत्ता घालवली. लोकांना दिल्ली आणि मुंबई वेगळी कळते.

शिक्षेचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात मत न दिल्यास वीस डॉलर दंड आहे. आपल्याकडे नको. इथे तो दंड घाटात जीप घेऊन जाणारा हसत भरेल आणि भरडला जाईल तो ऊसतोडीवाला. गेली विधानसभा २० नोव्हेंबरला होती, ऐन हंगामाच्या तोंडावर. कोयता घेऊन परजिल्ह्यात गेलेल्याला मतासाठी परत आणणार कोण? दवाखान्यात पाळीवर असणाऱ्या नर्सचंही तेच. मी बोलतोय ते माझ्यासारख्यांबद्दल, ज्यांना काही अडचण नव्हती. तुम्ही त्यातले नसाल तर सोडून द्या. मत द्यायला भरपगारी सुट्टी कायद्यानेच आहे आणि केंद्र सकाळी सातला उघडतं. मत द्या आणि मग खुशाल कुठे मरायचं तिथे मरा. सैनिकांचीही सोय आता बरी आहे, २०१६ पासून मतपत्रिका संगणकावरून जाते, तिकडे छापून घेतात आणि पोस्टाने परत पाठवतात. दादाच्या वेळी हे असतं तर.

बाकी दाजी गेली पंचवीस वर्षं सांगत फिरतात, उशीर माझ्यामुळे झाला, मी वाटेत कणसासाठी जीप थांबवायला लावली म्हणून. कणसाला दहा मिनिटं लागली. हे उत्तर कोणी त्यांच्या ग्रुपवर टाकलंच, तर त्यांनी स्टेपनीत हवा नव्हती एवढं एकदा ताईसमोर कबूल करावं.