एचपीव्ही पॉझिटिव्ह, आणि मनात अडकलेला प्रश्न

रिपोर्टचा कागद चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला. तो माझ्यापुढे सरकवताना तिने मागे वळून दार लागलंय ना, ते पाहिलं. वय ४१, लग्नाला १८ वर्षं. त्रास काहीच नव्हता, मैत्रिणीने आग्रह केला म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली होती. एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह, म्हणजे तिथे कॅन्सर घडवू शकणाऱ्या विषाणूचा १६ नंबरचा प्रकार सापडला होता. डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, सांगितल्याला सहा आठवडे उलटले होते. ती गेलीच नव्हती.

"कॅन्सरची भीती वाटतेय का?" मी विचारलं.

"ते नंतरचं, मॅडम. हा संबंधातून पसरतो असं वाचलं. माझ्या आयुष्यात यांच्याशिवाय कोणी नाही. म्हणजे यांचंच बाहेर..." पुढचं तिला बोलवेना.

हा प्रश्न मी अनेकींकडून ऐकलाय. काही जणींना उलटी धास्ती असते, की नवरा आपल्यावरच संशय घेईल. दोन्हीकडून परिणाम एकच, कागद पर्समध्ये राहतो.

मी म्हटलं, "ताई, शरीरसंबंध असलेल्या बहुतेक सगळ्यांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. जननेंद्रियांच्या भागातल्या त्वचेचा नुसता स्पर्शही पुरतो, म्हणून निरोधनेही पूर्ण संरक्षण मिळत नाही. पुरुषाला बहुधा काही जाणवत नाही. तो वर्षानुवर्षं गप्प राहून पुन्हा वर येऊ शकतो. तुम्हाला तो यांच्याकडून आला असेल, पण यांना तो लग्नाच्या आधीही लागलेला असू शकतो. आज विषाणू आहे, एवढंच ही चाचणी सांगते. कधी आणि कसा आला, हे ती सांगूच शकत नाही."

"म्हणजे यांचं काही नाही?"

"ते मला माहीत नाही. पण हा कागद त्याचा पुरावा नाही."

'तुमचे मिस्टर तसे नसतील' असं मी कधीच म्हणत नाही. जे ठाऊक नाही त्याची हमी दिली, की ठाऊक असलेल्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. आणि मला तिचा विश्वास कॉल्पोस्कोपीसाठी हवा होता. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्ही १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावतं. जो ठाण मांडून बसतो तो पेशी हळूहळू बदलतो, आणि प्रतिकारशक्ती ठीक असेल तर त्यांचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. पण आपल्या हातात त्यातली किती वर्षं उरलीत, हे बाहेरून कळत नाही. तिला हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

मग तपासणीत काय करतात ते विचारलं. व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावतात, बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात, तिथला छोटा तुकडा काढतात. पाळीत दुखतं तसं थोडं दुखू शकतं, आणि बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात.

पुढच्या वेळी ती नवऱ्याला घेऊन आली. माझ्यासमोरच तिने सांगितलं. ते काही क्षण जमिनीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग माझीही तपासणी करून घेऊ का?" पुरुषांसाठी अशी नेहमीची एचपीव्ही चाचणी नाही, असं मला सांगावं लागलं. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. त्यांची मुलगी १३ वर्षांची. तिच्या एचपीव्हीच्या लसीचं त्यांनीच विचारलं. ९ ते १४ हे वय लसीसाठी सर्वांत योग्य. आईच्या अंगात आधीच असलेला विषाणू लसीने जात नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही मोठेपणी तपासणी चुकत नाही, हे मी दोघांनाही सांगितलं.

तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर नव्हता, पण त्याच्या आधीची गंभीर पायरी होती. वीज सोडलेल्या बारीक तारेच्या फासाने डॉक्टरांनी तेवढा भाग काढून टाकला. पुढे वर्षभराने ती फेरतपासणीचा रिपोर्ट दाखवायला आली. या वेळी निगेटिव्ह होता, कागदाला एकही घडी नव्हती.

"आणि तो दुसरा प्रश्न?" मी हळूच विचारलं.

"विचारला मी यांना. त्यांनी सांगितलं. ते आमच्यातच राहू दे, मॅडम," ती म्हणाली, आणि पुढच्या तपासणीची तारीख डायरीत लिहू लागली.