मुलाखत घेताना आडनाव किंवा बोलीमुळे मत कलू नये म्हणून काय करावं?

आडनावाचा परिणाम अर्ज वाचतानाच सुरू होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी भारतातल्या खासगी कंपन्यांकडे पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. म्हणून पहिल्या चाळणीआधी एचआरकडून नाव, फोटो आणि पत्ता झाकून घ्या.

मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण; पाच गुणांचं उत्तर कसं असेल ते आधीच लिहून ठेवा. गुण चर्चेआधी भरा, नाहीतर साहेब बोलले की बाकीच्यांचे आकडे तिकडेच सरकतात. ‘मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न नकोच. सहज वाटतो, पण त्यातून जात चाचपली जाते आणि समोरच्याला ते कळतं.

सगळ्यात घातक शेरा म्हणजे ‘आपल्या टीममध्ये फिट बसणार नाही’. कोणत्या उत्तरावरून असं वाटलं, ते विचारा. सांगता आलं नाही तर तो शेरा धरू नका. इंग्रजी अडखळतं म्हणून गुण कापण्याआधी त्या कामात इंग्रजी बोलावं लागतं का, तेही तपासा.